ब्रेकबाई ट्रॅकवर निघतात

सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी ब्रेकबाईंनी त्या दिवसातला सहावा ब्रेक दाबला. स्टिअरिंग एका बँकेतल्या कॅशियरच्या हातात होतं. चौकात लाल दिवा होता, पुढे टेम्पो उभा होता, आणि कॅशियर टेम्पोच्या मागच्या फळीवरचा मजकूर वाचत शांतपणे त्याच्यावर निघाले होते. शिकवण्याच्या गाडीत शेजारच्या सीटच्या पायाशी दुसरं ब्रेक पेडल असतं. बाईंनी ते इतकं अलगद दाबलं की गाडी टेम्पोच्या मागे हातभर अंतरावर थांबली आणि कॅशियरना वाटलं, आपणच थांबवली.

"जमलं की," ते म्हणाले.

"जमलं," बाई म्हणाल्या. "आता पहिला गिअर. पहिला. हा तिसरा आहे."

शिकणाऱ्याच्या लक्षात आला तो ब्रेक वाईट, असं त्यांचं मत आहे. गाडी हिसका देऊन थांबली की शिकणारा घाबरतो, आणि घाबरला की पुढचा आठवडाभर बैलगाडीच्या चालीने गाडी हाकतो. म्हणून आधीपासून, हळूहळू, लोण्यात सुरी घालावी तसा ब्रेक दाबायचा. बाई बावीस वर्षं हेच करत आहेत. गाडी त्यांची आहे, पण चालवतात दुसरेच. त्या शेजारी बसतात, एक डोळा रस्त्यावर आणि एक शिकणाऱ्याच्या पावलांवर ठेवून. 'ब्रेकबाई' हे नाव विद्यार्थ्यांनी त्यांच्या माघारी ठेवलं. ते त्यांना पहिल्या वर्षीच कळलं होतं आणि नवऱ्याच्या फोनमध्येही त्या आता त्याच नावाने आहेत.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, ब्रेकबाई रेसट्रॅकवर गाडी चालवणार होत्या.

शहराबाहेरच्या ट्रॅकवर वर्षातून एक दिवस नवख्यांसाठी ठेवतात. आपली रोजची गाडी घेऊन जायचं, शेजारी तिथला प्रशिक्षक बसतो, आणि वळणं, ब्रेक, वेग हे सगळं आपल्याला आणि गाडीला झेपेल तितकं करून पाहायचं. अट एकच: आदल्या दिवशी सहाच्या आत गाडी आणि चालवणारा, दोघांची तिथे तपासणी व्हायला हवी. त्यात नापास झालं की जागा ताटकळत बसलेल्या पुढच्या माणसाला जाते आणि आपण पुढच्या वर्षी यायचं. बाईंचं वय त्रेपन्न आहे आणि एक गुडघा आत्ताच कुरकुरतो. पुढच्या वर्षावर त्यांचा विश्वास नव्हता.

जायचं कशाला, हे त्यांनी घरात एकदाच सांगितलं होतं. "बावीस वर्षं मी लोकांना सांगतेय, ब्रेक लवकर दाबा. उशिरात उशिरा कधी दाबता येतो, ते मलाच माहीत नाही."

"माहीत करून काय करणार?" नवऱ्याने विचारलं होतं. त्यावर बाईंनी नुसतं पाहिलं होतं, आणि विषय तिथेच मिटला होता.

नात्यात तो मिटला नव्हता. कॅशियरना त्यांच्या घराशी उतरवत असतानाच नणंदेचा फोन आला. वहिनी रेसमध्ये उतरली आहे, ही बातमी तिच्याकडे पोचली होती. रेस नाही, बाईंनी सांगितलं. नंबर नसतो, बक्षीस नसतं, कुणी जिंकत नाही. मग लोक जातात कशाला, असं नणंदेने विचारलं. शिकायला, असं बाई म्हणाल्यावर ती म्हणाली, "पण वहिनी, तू तर शिकवतेस ना?" हा संवाद त्या आठवड्यात चौथ्यांदा झाला होता, माणसं तेवढी बदलत होती. बाईंनी फोन ठेवला आणि गाडी गॅरेजकडे वळवली.

गॅरेजवाल्याला आख्खा रस्ता 'उद्यासाहेब' म्हणतो. कोणतंही काम सांगा, उत्तर ठरलेलं. तरी बाईंनी त्यांना पंधरवडाभर आधी सांगून ठेवलं होतं: ब्रेक ऑइल नवं भरायचं, ब्रेकचे पॅड पाहायचे आणि शेजारचं पेडल काढायचं. ट्रॅकवाल्यांच्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं की गाडीत वरून बसवलेल्या वस्तू काढून आणाव्यात. पेडल वरून बसवलेलंच होतं, ते याच उद्यासाहेबांनी.

"सोमवारी परत बसवायचंय ना?" उद्यासाहेब म्हणाले.

"हो."

"मग काढायचं कशाला? राहू दे की."

बाईंनी कागद दाखवला. उद्यासाहेबांनी तो लांब धरून वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही पाहिली, आणि म्हणाले, "करू. उद्या."

"उद्या मी ट्रॅकवर असणार."

"मग परवा."

 कोपऱ्यात जुन्या टायरांची रास होती, तिच्यावर बाई पर्स मांडीवर घेऊन बसल्या. शिकवण्याच्या धंद्यात हा गुण आपोआप येतो: समोरच्याला हवा तेवढा वेळ द्यायचा आणि जागेवरून हलायचं नाही. उद्यासाहेबांनी एका स्कूटरचं काम पुढे ओढून पाहिलं, दोन फोन केले, वळून पाहिलं. बाई तशाच. शेवटी ते गाडीत घुसले.

पेडलचा बोल्ट गंजला होता. तो सुटेपर्यंत नमनालाच घडाभर तेल गेलं, आणि तेही अक्षरशः. उद्यासाहेब पायांच्या जागेत डोकं खाली घालून पाना फिरवत होते आणि तिथूनच ट्रॅकवर गाडी कशी चालवावी ते सांगत होते. वळणाच्या आधी खालचा गिअर, वळणाच्या मधोमध जीव खाऊन ॲक्सिलरेटर. ट्रॅक त्यांनी फक्त टीव्हीवर पाहिला होता. पण उंटावरून शेळ्या हाकायला उंट असावाच लागतो असं थोडंच आहे. बाई 'हं' म्हणत राहिल्या. बोल्ट सुटला तेव्हा दुपार झाली होती.

घरी आल्यावर गाडी रिकामी करायची होती. ट्रॅकवर गाडीत सुटी वस्तू चालत नाही. जोरात ब्रेक लागला की ती उडून येते. ब्रेकबाईंच्या गाडीतून दोन उशा निघाल्या, बुटक्या विद्यार्थ्यांसाठीच्या. शेजारच्या सीटवरून मागचं दिसावं म्हणून काचेला रबरी चकतीने चिकटवलेला जादा आरसा निघाला. छत्र्या निघाल्या, सीटखालून एकच चप्पल निघाली. एका मुलीने अनवाणी चालवून पाहते म्हणून काढली होती आणि घरी एकाच पायात घालून गेली होती. घाबरलेल्या माणसाच्या काय काय लक्षात येत नाही, याची बाईंना आता गंमतही वाटत नाही. छपरावरची 'शिकाऊ' पाटी मात्र चार स्क्रूंनी बसवलेली होती आणि त्यातला एक फिरतच राहिला.

बाईंचा गुडघा ठणकायला लागला होता. राहिलेलं सगळं नवऱ्यावर सोपवून, अर्धा तास पडते म्हणून त्या आत गेल्या. हे त्यांचं चुकलं.

नवरा चष्म्याच्या दुकानात काम करतो. तीस वर्षं तो लोकांच्या नाकावरून चष्मा उतरवतो, पुसतो आणि परत चढवतो. हातात काही आलं की ते चकचकीत करायचं, यापलीकडे त्याचा हात जाऊ शकत नाही. घरातले दिव्यांचे खटके चमकतात, दाराची कडी चमकते, पाहुण्यांचे फोन ते निघेपर्यंत चमकायला लागतात. गाडी रिकामी करा, एवढंच बाईंनी सांगितलं होतं. पुसू नका, असं सांगायचं राहिलं.

बाहेर आल्या तेव्हा गाडी आरशासारखी दिसत होती. टायरांच्या कडा नव्या बुटांसारख्या काळ्याभोर होत्या.

"हे काय?"

"मोठमोठ्या गाड्या येणार तिथे," नवरा म्हणाला. "आपली काय मळकी न्यायची? आतूनही केलंय सगळं. कोपरा न् कोपरा."

कपाळावर हात मारायलाही वेळ नव्हता. बाई स्टिअरिंगवर बसल्या आणि नवरा शेजारी, म्हणजे बाईंच्या नेहमीच्या जागी बसला. गल्लीचं तोंड येईपर्यंत तो दोनदा 'हळू' म्हणाला. मोठ्या रस्त्यावर त्याने मोजदाद सोडून दिली आणि सलगच म्हणत राहिला. गाडीचा वेग तेव्हा शाळेच्या बसइतका होता आणि एक शाळेची बस त्यांना मागे टाकून गेली.

ट्रॅकवर पत्र्याची मोठी शेड होती, तिच्यापुढे डांबराचं मोकळं आवार आणि पलीकडे कुंपणाआड खरा ट्रॅक. तपासणी करणारा प्रशिक्षक तिशीतला होता. उन्हाने रापलेला, बोलायला गोड. त्याने पहिल्याच वाक्यात बाईंना काकू म्हटलं. चाकांचे नट, बॅटरी, डिकी, सीटचे पट्टे असं करत तो पाहत गेला. टायरपाशी थांबला, कडेवर बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं.

"काय लावलंय याला?"

"पॉलिश," नवरा म्हणाला. "ऊन लागलं की काय दिसतं."

प्रशिक्षकाने त्याला फडकं आणि साबणाच्या पाण्याची बादली दाखवली. मग शेजारच्या सीटच्या पायाशी वाकून पाहिलं. तिथे एक रिकामी पट्टी होती आणि तिला दोन भोकं.

"काकू, इथे काय होतं?"

"ब्रेक. शिकवायची गाडी आहे. तुमच्या कागदावर लिहिलं होतं म्हणून काढून आणला."

"अहो, ते स्पीकर-बिकरबद्दल आहे." तो सरळ उभा राहिला आणि त्याने टोपी काढून परत घातली. "मी दहा वर्षं अनोळखी माणसांशेजारी बसतोय, हातात काही नसताना. एकदा कुठे शेजारी ब्रेक असलेली गाडी आली, आणि तुम्ही तो काढून आणलात."

बाईंना उद्यासाहेब आठवले. 'राहू दे की' म्हणाले होते, आणि ते केवळ कंटाळ्याने म्हणाले असले तरी बरोबर ठरले होते, याचा राग जास्त होता.

गाडी पास झाली. आता चालवणाऱ्याची पाळी. परीक्षा सगळ्या नवख्यांना सारखीच होती. आवारात सरळ धाव घ्यायची, रस्त्यावर ठेवतात तसल्या नारिंगी प्लास्टिकच्या कोनांची जोडी येईपर्यंत वेग कमी करायचा नाही, कोनांपाशी सगळा जोर लावून ब्रेक दाबायचा आणि पांढऱ्या रेषेच्या आत थांबायचं. तीन संधी. ज्याला रिकाम्या आवारात गाडी थांबवता येत नाही त्याच्या शेजारी मी ट्रॅकवर बसणार नाही, असं प्रशिक्षकाने सांगितलं. यावर वाद घालायला बाईंकडे काही नव्हतं. त्याच्या जागी त्या असत्या तर त्यांनी हेच सांगितलं असतं.

शेडच्या भिंतीवरचं घड्याळ साडेपाचच्या पुढे सरकलं होतं. नवरा कुंपणापाशी फडकं घेऊन उभा राहिला. प्रशिक्षक शेजारी बसला.

पहिल्या धावेत गाडी सुरेख थांबली. इतकी सुरेख, की कुठून थांबायला लागली तेच कळलं नाही. फक्त ती रेषेच्या बऱ्याच पुढे थांबली.

"काकू, छान," प्रशिक्षक म्हणाला. "माझ्या हातात पाण्याचा पेला असता तर थेंब सांडला नसता. पण आपल्याला तो सांडायचाय."

दुसऱ्या धावेत बाईंनी जोर लावला. रेषेच्या आत थांबल्या. पण पाय कोन यायच्या आधीच ब्रेकवर गेला होता, त्यांना विचारून गेला नव्हता. प्रशिक्षकाने ते पाहिलं होतं. तो बाईंच्या पावलांकडेच पाहत बसला होता.

"हरकत नाही. घाबरायचं नाही. पुढच्या वेळी थोडं अजून थांबायचं, आणि मग थोडं अजून जोरात. जमतंय, काकू."

हा आवाज बाईंच्या ओळखीचा होता. मऊ, समजूतदार, एकेक शब्द वेगळा. सकाळी कॅशियरसाठी त्यांनी तोच काढला होता. ऐकणाऱ्याच्या अंगाचा त्याने कसा तिळपापड होतो, ते त्यांना आज समजलं. कॅशियर बिचारे गेला महिनाभर सोसत होते.

तिसरी धाव. कोन आले. बाईंनी दात आवळले आणि सगळ्या ताकदीने पाय मारला, आणि पाय पेडलवरून साबणाच्या वडीवरून घसरावा तसा सटकला. गाडी रेष ओलांडून गेली, एक कोन बंपरखाली फरफटत गेला, आणि दुसऱ्यांदा मारलेल्या ब्रेकने कशीबशी थांबली.

 बाई उतरल्या, वाकल्या, पेडलकडे पाहिलं. काळ्या रबरावर उन्हाची तिरीप चमकत होती. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं आणि कुंपणाकडे वळल्या.

"अहो, पेडल पुसलंत?"

"पुसलं नाही," नवरा म्हणाला. त्याला प्रश्नाचा रोख कळला नव्हता. "पॉलिश केलं. तिन्ही."

बावीस वर्षं शिकाऊ माणसांबरोबर घालवून आवाज न चढवण्याची जी सवय लागते, ती त्या क्षणी कामी आली. बाईंनी हात पुढे केला. नवऱ्याने बादली आणून दिली. मग त्याला काय ते उमगलं आणि तो, मी घासतो, मी घासतो, असं म्हणायला लागला. त्याला बाईंनी कुंपणाकडे बोट दाखवलं.

तीन संधी संपल्या होत्या. प्रशिक्षक शेडच्या दारात उभा राहून कान खाजवत होता. आत ताटकळत बसलेल्यांपैकी एक तरुण मघापासून बाहेर डोकावत होता, त्याचं हेल्मेट त्याच्या मांडीवर होतं. प्रशिक्षकाने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा गाडीच्या दारातून बाहेर आलेल्या बाईंच्या पायांकडे. त्या गुडघा वाकडा करून, आत तोंड घालून पेडल घासत होत्या.

"चूक गाडीची आहे, चालवणाऱ्याची नाही," शेवटी तो म्हणाला. "ती धाव धरत नाही. पण ही शेवटची, काकू. सहाला मी कुलूप लावतो."

पेडल कोरडं झालं, प्रशिक्षकाने फरफटलेला कोन परत जागेवर ठेवला. बाईंनी बुटाचा तळ पँटवर घासला आणि बसल्या. प्रशिक्षक बसला. काही सूचना द्यायला त्याने तोंड उघडलं आणि बाईंचा चेहरा पाहून मिटलं.

गाडी सुटली. दुसरा गिअर, तिसरा. कोन जवळ आले, आणि बाईंचा पाय नेहमीसारखा आधीच उचलला गेला. त्यांनी तो परत ॲक्सिलरेटरवर दाबून धरला. कोन बाजूला आले. मग पाय पडला. पेडल पायाखाली दाणदाण हादरलं, पट्टा छातीत रुतला, गाडीने नाक खाली घातलं आणि जागच्या जागी खिळली. रेष पुढे होती, गाडीच्या लांबीएवढी पुढे.

धूळ खाली बसली. बाईंनी शेजारी पाहिलं. प्रशिक्षकाचा एक हात डॅशबोर्डवर होता. पाय पुढे ताठ झालेला होता आणि रिकाम्या पट्टीखाली गाडीचा तळ दाबून धरत होता.

"तिथे काही नाहीये," ब्रेकबाई म्हणाल्या.

प्रशिक्षकाने पाय मागे घेतला. त्याच्या मानेपर्यंत लाली चढली, आणि मग तो हसला. या वेळी काकू वगळून बोलला. "पास. उद्या दर वळणाला असाच."

शेडमधल्या तरुणाने हेल्मेट उचललं आणि तो बसच्या थांब्याकडे निघाला. बाईंना त्याच्यासाठी वाईट वाटलं असावं. त्यांना प्रशिक्षकाने एक शेवटची गोष्ट सांगितली: पहिल्या फेरीला गाडी तो चालवणार, त्या शेजारी बसणार. रस्ता ओळखीचा व्हावा म्हणून, सगळ्या नवख्यांना तसंच. बाईंनी डोळे मिटून घेतले.

"म्हणजे मी परत शेजारी."

"एकच फेरी, काकू."

"आणि काकू म्हणू नका."

"मग काय म्हणू?"

कुंपणाजवळून नवरा काहीतरी सांगणार होता. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि तो आवारातले कोन उचलायला गेला.

परतीच्या वाटेवर तो एकदाही 'हळू' म्हणाला नाही. निम्म्या रस्त्यात नणंदेचा फोन आला, तो त्याने घेतला. पलीकडून, कितवा नंबर आला, असं विचारलेलं गाडीभर ऐकू आलं.

"अजून रेस व्हायचीये," नवरा म्हणाला. "आज नुसती निवड होती. झाली."

बाईंनी नुसता गिअर बदलला. काही माणसांना शिकवता येत नाही, हे त्यांना धंद्याने शिकवलं आहे.

रविवारचे त्यांचे तिन्ही शिकाऊ पुढे ढकलले आहेत. कॅशियर मंगळवारी येतील. ट्रॅकचं फाटक उद्या सकाळी सातला उघडतं. नवख्यांची बैठक साडेसातला शेडमध्ये आहे, आणि ती सुरू झाली की दार आतून लावून घेतात.